केबिनच्या उचलत्या छपराला गॅस स्ट्रट निवडताना: आधी जागा, मग न्यूटन

शिडाच्या लहान होडीच्या केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही, म्हणून छपराचा मधला तुकडा उचलता येईल असा बनवतात. कॅटालिना २२, मॅकग्रेगर २६ यांसारख्या ट्रेलरवर ओढून नेता येणाऱ्या होड्यांमुळे ही सोय जगभर माहीत झाली. गोव्यात मात्र असं छप्पर उभं राहण्यापेक्षा हवेसाठीच जास्त उघडलं जातं. ऑक्टोबरच्या दुपारी मांडवीत नांगर टाकून बंद केबिनमध्ये कुणी घटकाभर बसून दाखवावं!

बहुतेक ठिकाणी हे छप्पर एखाद्या लाकडी दांडक्यावर तोललेलं असतं. दांडकं कधीतरी निसटतं, बोटं चेमटतात आणि मग गाडीच्या डिकीला असतात तसे गॅस स्ट्रट बसवायचा विचार सुरू होतो. पहिला प्रश्न ठरलेला: "छप्पर वीसेक किलोचं आहे, किती न्यूटनचा स्ट्रट घेऊ?" (न्यूटन हे बळाचं माप, दहा न्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा जोर.) एवढ्यावर उत्तर देताच येत नाही. तेच छप्पर, तेच वजन, पण स्ट्रटचं खालचं टोक चार बोटं सरकवलं की लागणारी ताकद बदलते. त्यामुळे आधी स्ट्रट कुठे बसणार ते ठरवायचं, न्यूटनचा आकडा त्यातून निघतो. दुकानातून स्ट्रट आणून मग जागा शोधणं म्हणजे चपला घेऊन त्यात बसणारा पाय शोधण्यासारखं.

तुमचं छप्पर उघडतं कसं?

दोन प्रकार नेहमी दिसतात. एकात छपराची पुढची, म्हणजे डोलकाठीकडची कड बिजागऱ्यांवर असते आणि मागची कड वर उठते. दुसऱ्यात छप्पर चार पायांवर किंवा झुलत्या पट्ट्यांवर सपाटच्या सपाट उचललं जातं.

दुसऱ्या प्रकाराचं आधी थोडक्यात उरकतो. चार कोपऱ्यांत चार उभे स्ट्रट लावले की काम झालं, असं वाटतं, पण ते होत नाही. स्ट्रट फक्त ढकलतो, छप्पर समपातळीत ठेवत नाही. एका कोपऱ्यातला जरा जास्त घट्ट निघाला की छप्पर तिरपं होऊन अडकतं. शिवाय मिटलेला स्ट्रटही त्याच्या स्ट्रोकपेक्षा, म्हणजे दांडा जेवढा आतबाहेर होतो त्या अंतरापेक्षा, लांबच असतो. छप्पर ४५ सेंमी उचलायचं तर मिटलेल्या अवस्थेतही अर्ध्या मीटरहून जास्त उंचीची जागा लागते. आणि सरळ उभ्या स्ट्रटवर छपराचा भार कायम तेवढाच राहतो, स्ट्रटचं बळ मात्र मिटताना वाढतं. म्हणजे कडी काढताच छप्पर उडी मारणार. अशा छपराला मूळच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि स्ट्रट त्या पट्ट्यांना मदतनीस म्हणून तिरपे लावावेत. हिशोब मग खाली दिलेल्या बिजागरीच्या छपरासारखाच, फक्त बिजागरीऐवजी पट्टीची खालची खीळ धरायची.

स्ट्रटच्या पोटात

बंद नळीत दाबाखालचा नायट्रोजन, थोडं तेल, आणि आतबाहेर होणारा दांडा. दांड्याच्या आतल्या टोकावरच्या दट्ट्याला (पिस्टनला) छिद्र असतं, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. बाहेर ढकलणारं बळ येतं ते फक्त दांड्याच्या जाडीतून. ८ मिमी दांड्याचा २०० न्यूटनचा स्ट्रट घेतला तर आत साधारण ४० बार दाब असतो, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन. तेच २०० न्यूटन ६ मिमी दांड्यातून हवे असतील तर दाब ७० बारच्या वर जातो. दांड्याभोवती गॅस अडवणारं सील तेवढं लवकर थकतं, म्हणून मी होडीसाठी ८ मिमी दांडा आणि १८ मिमी नळीच सुचवतो. फरक पैशांत थोडा, आयुष्यात बराच.

नळीवर छापलेला आकडा हा स्ट्रट जवळजवळ पूर्ण उघडा असताना, २० अंश तापमानाचा असतो. मिटताना बळ वाढतं. पूर्ण मिटेपर्यंत साधारण सव्वा ते दीडपटीच्या आत.

पहिलं माप: काटा

छप्पर उतरवून वजन करायची गरज नाही. मासळीबाजारात असतो तसला लटकता काटा किंवा विमानप्रवासाची बॅग तोलायचा काटा घ्या. छप्पर जागेवरच असू द्या, कडी काढा, मागच्या कडेच्या मध्यावर काटा अडकवा आणि छप्पर बोटभर उचलेपर्यंत सरळ वर ओढा. जो आकडा दिसेल त्याला बिजागरीपासून त्या कडेपर्यंतच्या अंतराने गुणलं की झालं. गुरुत्वमध्य कुठे आहे ते शोधत बसावं लागत नाही, ते काट्याने आपोआप धरलेलं असतं.

एक पथ्य: छपरावर जे कायम राहणार ते सगळं ठेवूनच तोला. सोलर पॅनेल बसवायचं ठरलं असेल तर तेवढं वजन आधीच ठेवा. कडेला कापडी पडदा असेल तर तो भिजवून लावा. पावसात भिजलेला कॅनव्हास कोरड्याहून किती जड लागतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. उलट बाजूने, उन्हाळ्यापुरतं काढून ठेवायचं सामान धरू नका.

उदाहरणासाठी छप्पर १.२ मीटर लांब धरू. काटा मागच्या कडेला ९ किलो दाखवतो. म्हणजे ९० न्यूटन गुणिले १.२ मीटर, बिजागरीभोवती १०८ न्यूटन-मीटर. हा झाला बंद असतानाचा भार. मागची कड ६० सेंमी वर न्यायची तर छप्पर ३० अंश उघडतं आणि भार थोडा कमी होऊन साडेत्र्याण्णवच्या आसपास येतो.

दुसरं माप: जागा

इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या आणि त्यावर केबिनची बाजू खऱ्या मापात काढा. बिजागरीच्या जागी खिळा. छपरासाठी एक पट्टी त्या खिळ्यावर फिरती ठेवा. स्ट्रटच्या जागी दोन खिळ्यांमध्ये ताणलेली दोरी. आता पट्टी बंद आणि उघडी अशा दोन्ही अवस्थांत धरून दोन गोष्टी मोजायच्या: दोरीची लांबी, आणि बिजागरीच्या खिळ्यापासून दोरीच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. सुताराचा गुण्या दोरीला टेकवला की ते अंतर लगेच मिळतं. स्ट्रटची तरफ ती हीच.

आपल्या उदाहरणात वरचं टोक छपरावर बिजागरीपासून ७० सेंमीवर, खालचं टोक बिजागरीच्या २५ सेंमी मागे आणि १० सेंमी खाली धरलं. बंद असताना दोरी ४६ सेंमी, उघडल्यावर ५७.४ सेंमी. तरफ बंद असताना १५ सेंमी, उघडल्यावर २६.

उघडं छप्पर तोलून धरायला ९३.५ भागिले ०.२६, म्हणजे ३६० न्यूटन लागतात. दोन बाजूंना दोन स्ट्रट, प्रत्येकी १८०. त्यावर दहाएक टक्के जास्त धरून २०० न्यूटन.

आता बंद अवस्था तपासा, कारण लोक नेमकी हीच विसरतात. मिटताना बळ थोडं वाढून प्रत्येकी २२३ न्यूटनच्या आसपास जाईल. दोन स्ट्रट मिळून ४४६, गुणिले ०.१५, म्हणजे ६७ न्यूटन-मीटर. छपराचा भार १०८. उरले ४१, ते तुमच्या हाताने: मागच्या कडेला तीन-साडेतीन किलोचा जोर. वीसेक अंशांपर्यंत हात द्यायचा, तिथून पुढे छप्पर स्वतःहून वर जातं. कडी सुटली तरी बंद छप्पर बंदच राहतं. मला विचाराल तर उत्तम जुळणी ती हीच.

"थोडा जोरदारच घेऊ, बरं असतं" म्हणून कुणी ३०० न्यूटनचे लावले तर? बंद असताना स्ट्रटचा जोर १०० न्यूटन-मीटरवर पोचतो. छपराचा भार १०८. जेमतेम बसलेलं छप्पर. उघडल्यावर ओढून खाली आणायला पाच किलोच्या वर जोर लागेल, आणि फायबर पातळ असेल तर महिनोन् महिने आतून ढकललं जाऊन छप्पर मधोमध कमान घेईल. मग कडेच्या रबरातून पाणी झिरपायला लागतं आणि दोष रबराला दिला जातो.

आता खालचा खिळा फक्त ५ सेंमी खाली सरकवून बघा. बंद असतानाची तरफ १५ वरून २२ सेंमीवर जाते. तेच २०० न्यूटनचे स्ट्रट आता छप्पर जवळपास तरंगतं ठेवतात. म्हणून भोक पाडायच्या आधी पुठ्ठ्यावर हवं तेवढं खेळून घ्या, पुठ्ठ्याला भोकं पडलेली चालतात.

लांबी आणि स्ट्रोक

उघडलेला स्ट्रट हा स्ट्रोकच्या दुपटीहून थोडा जास्त लांब असतो, कारण दांडा जाऊन बसायला तेवढीच नळी लागते. आपल्याला उघडी लांबी साधारण ५७-५८ सेंमी हवी. २५० मिमी स्ट्रोक आणि ५८५ मिमी उघडी लांबी असा माप बसतो. तो मिटून ३३५ मिमीपर्यंत जाऊ शकतो, आपण त्याला ४६० पर्यंतच मिटवणार. म्हणजे आत आपटायची भीती नाही. उघडतानाही तो पूर्ण ताणला जायच्या सेंटिमीटरभर आधीच छप्पर थांबलं पाहिजे. थांबवायचं काम छपराच्या बाजूंना बांधायच्या विणीच्या पट्ट्याचं (तो पुढे येतोच), स्ट्रटचं नव्हे. स्ट्रटच्या दोन्ही टोकांचे सॉकेट ब्रॅकेटवरच्या गोळ्यांवर बसतात. लांबी नेहमी एका गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या गोळीच्या मध्यापर्यंत मोजा. ऑर्डर देतानाही तसंच लिहून द्या, नाहीतर टोकांचे सॉकेट धरून की सोडून यावर वाद होतो.

ऊन

तापमान १० अंशांनी वाढलं की बळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. आपल्याकडे थंडीची काळजी नाही, फेब्रुवारीच्या पहाटेही नाही. प्रश्न एप्रिल-मेचा. उन्हात तापलेल्या बंद केबिनमध्ये नळी ५० अंशांवर गेली तर दहा टक्के वाढ धरा. २०० न्यूटनच्या जोडीला त्याने काही होत नाही. ३०० ची जोडी मात्र १०८ चा भार ओलांडून जाते: कडी काढली की छप्पर आपोआप तोंडावर.

पहिल्यांदाच घेत असाल तर मागच्या टोकाला झडप असलेले स्ट्रट मिळतात का बघा. त्यातून गॅस किंचित सोडून बळ कमी करता येतं, वाढवता येत नाही. नळी वर आणि दांडा खाली धरूनच सोडायचा, म्हणजे तेल बाहेर येत नाही. क्षणभर फुस्स, मग पुन्हा बसवून बघायचं. धीर नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

वारा आणि ओहोटी

स्ट्रट ढकलण्यासाठी आहेत, धरून ठेवण्यासाठी नाहीत. पुढे बिजागरी असलेलं छप्पर मागच्या बाजूला उघडं असतं. नांगरावरची होडी वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी राहते, म्हणजे वारा छपरावरून सरकून जातो, असा हिशोब पुस्तकात असतो. मांडवीत दुपारी ओहोटी असली की तो मोडतो. ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे धावतं आणि होडी नाळ वरच्या अंगाला, पूर्वेकडे करते. त्याच वेळी समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येत असतो, थेट उघड्या छपराच्या पोटात. ओहोटी जोराची असेल तर होडी वाऱ्याला दाद देत नाही, पाण्याचंच ऐकते. शापोऱ्यात किंवा जुवारीत नांगर टाकणाऱ्यांनाही हे नवीन नाही.

१.२ मीटर लांब, एक मीटर रुंद छपरावर ३० नॉटचा (ताशी ५५ किमीचा) झोत साधारण १७० न्यूटनचा दाब देतो. बिजागरीभोवती तो छपराच्या संपूर्ण भाराइतका होतो, आणि तोही वरच्या दिशेने. हा ताण गोळी-सॉकेटवर आला तर सॉकेट निसटतं, नाहीतर बिजागरीचे स्क्रू उपटतात. म्हणून दोन्ही बाजूंना न ताणणारा विणीचा पट्टा हवाच. आणि छप्पर खाली पडू नये म्हणून एक घडीचा टेकू किंवा खिळीचा आधारही ठेवा: स्ट्रटचा गॅस सांगून जात नाही. खाली मान घालून स्टोव्ह पेटवणाऱ्याच्या टाळूचा विचार करा. शीड वर असताना छप्पर बंद आणि कडी लावलेली, यात सूट नाही. बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, फिरायला जागा लागते.

धातू

डिकीचे काळे स्ट्रट स्वस्त पडतात आणि कोपऱ्यावर मिळतात. फर्निचरच्या दुकानात हायड्रॉलिक बेडचे पंप म्हणून जे विकतात ते तर अशा छपरासाठी भलतेच ताकदवान असतात. दोन्हींचा रंग खाऱ्या हवेत फुगतो, गंजाचा पहिला ठिपका दांड्यावर उमटला की तो सील कापत आतबाहेर करतो. ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या. ३०४ ही स्टेनलेसच, पण समुद्रावर त्यावर चहाच्या रंगाचे डाग चढतात.

दुकानदार चुंबक काढून दाखवतो आणि "चिकटत नाही, म्हणजे ३१६" म्हणतो. ३०४ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्या परीक्षेने दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर दर्जा लिहून मागा. बोल्टचं सोपं आहे: डोक्यावर ए४ कोरलेला म्हणजे ३१६ च्या जातीचा, ए२ म्हणजे ३०४ च्या. ब्रॅकेट अॅल्युमिनियमचं असेल तर त्याच्या आणि स्टेनलेस बोल्टच्या मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

घेतानाच एक परीक्षा करा. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर भोक पाडलेला लाकडाचा ठोकळा, भोकात दांड्याचं टोक. नळी दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. दांडा आत सरकायला लागला की काटा २० किलोच्या जरासा वर दिसला पाहिजे. जोडीतल्या दोघांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक १८ आणि दुसरा २४ दाखवत असेल तर छप्पर रोज पीळ घेणार. बाहेरगावाहून मागवत असाल तर आधी विचारा: दाबाखालची वस्तू म्हणून विमानाचं कुरिअर ती नाकारू शकतं, रस्त्याने येणारं पार्सल बरं.

बसवताना

दांडा खाली, नळी वर. तेल सीलपाशी राहतं, सील ओलं राहतं, आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात दट्ट्या तेलात शिरून छप्पर अलगद थांबतं. उलटा लावलेला स्ट्रटही काही दिवस झकास चालतो. मग सील सुकतं.

फायबरच्या छपरात दोन थरांमध्ये बालसाचं लाकूड किंवा फोम असण्याची शक्यता मोठी. त्यात सरळ स्क्रू मारू नका. लागतं त्याहून मोठं भोक पाडा, आजूबाजूचं मऊ लाकूड खरवडून काढा, घट्ट केलेला एपॉक्सी भरा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्यात बोल्टचं भोक. पाठीमागे स्टेनलेसची पट्टी. ब्रॅकेटची गोळी स्ट्रटच्या हालचालीच्या पातळीशी काटकोनात हवी. दोन्ही ब्रॅकेट एका रेषेत नसले तर दांडा बाजूला ओढला जातो. दोरी लावून डोळ्याने बघितलं तरी चूक लक्षात येते.

स्ट्रट चढवताना छपराखाली भक्कम टेकू द्या, दुसरा माणूस सोबत घ्या. पट्टे अजून लावू नका: छप्पर ठरलेल्यापेक्षा थोडं जास्त उघडा, ताणलेले स्ट्रट सॉकेटमध्ये टच्चकन बसवा, क्लिप लावा, मग छप्पर किंचित खाली आणून पट्टे बांधा. हे उलट्या क्रमाने केलंत तर वीस किलोच्या जोराशी हाताने झुंजावं लागेल. पहिल्यांदा बंद करताना हळू, कुठे दांडा घासतो का ते बघत.

पुढची निगा

खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले की गोड्या पाण्याने धुवा, दांडा स्वच्छ सुती फडक्याने पुसा. ग्रीस लावू नका. त्याला लाल धूळ चिकटते, ती सीलवर पॉलिशपेपरसारखं काम करते. रंगकाम करताना दांड्याला कागद गुंडाळा, रंगाचा एक थेंबही पुरतो.

१ जूनला मासेमारी बंदी लागते त्या सुमाराला हौशी होड्याही बांधून ठेवल्या जातात. पावसाळाभर छप्पर बंद असलं तर दांड्यांचा बराच भाग नळीत सुरक्षित राहतो. ताडपत्रीखाली हवा खेळावी म्हणून छप्पर अर्धवट उघडं ठेवण्याची पद्धत आहे. तसं करायचं असेल तर स्ट्रट काढून घरी न्या आणि छप्पर लाकडावर टेका. बंद ठेवलेलं असेल तर महिन्या-दीड महिन्याने एकदा उघडझाप करा, सील कोरडं पडत नाही.

दांड्यावर तेलाचा ओलसर पट्टा दिसला, किंवा छप्पर पूर्वीपेक्षा उशिरा हातातून सुटायला लागलं, तर दोन्ही स्ट्रट एकदम बदला. जुन्याबरोबर नवा लावला की भार नव्यावर पडतो. नळीवरचा छापा एक-दोन पावसाळ्यांत उडतो, म्हणून नवे बसवले त्याच दिवशी न्यूटन, स्ट्रोक आणि उघडी लांबी केबिनमधल्या एखाद्या कपाटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा. जुने भंगारात देताना भंगारवाल्याला आत दाब आहे हे स्पष्ट सांगा: कापू नको, तापवू नको. गॅस गेलेला वाटला तरी आत थोडाफार उरलेला असतोच.